अर्ध्या किमतीतला भारी लॅपटॉप : घ्यावा की सोडून द्यावा?

२०२४चा दसरा. मेसमध्ये श्रीखंड-पुरीच्या रांगेत उभी होते आणि घरून बाबांचा फोन आला.

"अगं, ब्याण्णव हजार नऊशेचा लॅपटॉप चोपन्न हजारात देताहेत. आज रात्री बारापर्यंतच आहे म्हणे. तुझ्या भावासाठी घेऊन टाकू का?"

भावाचं नुकतंच फर्स्ट इयर सुरू झालं होतं. आईला भिशी लागली होती, साठ हजारांची. त्याआधीची भिशी माझ्या लॅपटॉपमध्ये गेली होती, आणि ती कशी गेली ते पुढे सांगतेच! त्यामुळे मी म्हटलं, "बाबा, बारा वाजायला अजून अकरा तास आहेत. मला दोन तास द्या." श्रीखंड खाल्लं, रूमवर आले आणि कागद-पेन घेऊन बसले. त्या दोन तासांत जे केलं आणि त्यानंतर वर्षभरात जे कळलं, ते इथे लिहितेय. हॉस्टेलमध्ये दर सेलला कुणीतरी हाच प्रश्न घेऊन दार वाजवतं. आपले सर-मॅडमही विचारतात, फक्त जरा आडून.

कापलेली किंमत ही किंमत नव्हे

बाबा ज्याबद्दल बोलत होते तो ॲपलचा मॅकबुक एअर, एम-वन चिपवाला. हा नोव्हेंबर २०२० मध्ये आला तेव्हा भारतात त्याची किंमत ९२,९०० रुपये होती. मार्च २०२४ मध्ये पुढचा एम-थ्री आला आणि कंपनीने एम-वन स्वतःच्या दुकानातून काढून टाकला. बाकीच्या विक्रेत्यांकडे माल होता, तो सेलमध्ये उतरला.

म्हणजे काय, तर चार वर्षांपूर्वीच्या किमतीवर रेघ मारून त्याखाली आजची किंमत लिहिलेली असते. रेघ मारलेला आकडा खोटा नसतो, पण तो शिळा असतो. आपण मात्र मनात वजाबाकी करतो, "३८,९०० रुपये वाचले!" वाचले कुठून? ते आपल्याकडे कधी नव्हतेच. विचारायचा प्रश्न असा, की आज चोपन्न हजारात दुसरं काय मिळतं, आणि त्यापेक्षा हे माझ्या कामाला बरं आहे का?

सूट देण्याचं कारण बहुधा साधं असतं. नवं मॉडेल आलं, जुना माल गोडाऊनमध्ये पडून आहे, आणि लॅपटॉप काही लोणचं नाही की मुरला म्हणून भाव वाढेल. त्यात जाहिरातीतल्या आकड्यात पुष्कळदा अमुक बँकेच्या कार्डाची सूट आणि जुना लॅपटॉप दिल्याची सूट आधीच धरलेली असते. तुमच्याकडे ते कार्ड नाही आणि जुना लॅपटॉपही नाही, तर तुमची किंमत वेगळी.

"नो कॉस्ट ईएमआय"चंही तसंच. बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी सूट म्हणून वळती करते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी मात्र आपल्या खिशातून जाते. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसतेच, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. तेव्हा एकरकमी पैसे देणार असाल तर दुकानदाराला बिनधास्त विचारा, "ईएमआयवाल्याला जी सूट देता ती मला रोखीत द्याल का?" कधीकधी देतात.

काय जुनं होतं, काय होत नाही

प्रीमियम लॅपटॉप म्हणजे नुसता चकचकीत डबा, असं बरेच जण म्हणतात. ते अर्धंच खरं आहे.

चांगली स्क्रीन, चांगला कीबोर्ड, मोठा टचपॅड, धातूची बॉडी, घट्ट बिजागऱ्या आणि कमी वजन या गोष्टी चार वर्षांनी जुन्या होत नाहीत. एम-वन एअरचं वजन १.२९ किलो आहे. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा असतो, त्यात त्याचा वीटेएवढा चार्जर. हॉस्टेल ते डिपार्टमेंट रोज पाठीवर नेऊन बघा, मग कळतं. स्वस्त लॅपटॉपच्या स्क्रीनवर "४५ टक्के एनटीएससी" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं; त्यावर लाल रंग विटकरी दिसतो. भारी लॅपटॉपवर "१०० टक्के एसआरजीबी" असतं. दिवसातून सहा तास त्याकडेच बघायचं असेल तर हा फरक चैनीचा नाही.

जुन्या होतात त्या चार गोष्टी : प्रोसेसर, रॅम, बॅटरी आणि सॉफ्टवेअरचा सपोर्ट. सुटीचा लॅपटॉप तपासायचा तो या चार ठिकाणी. पहिल्या तिन्हींत मी स्वतः आपटलेय, म्हणून तेच सांगते.

माझी भिशी कशी बुडाली

२०२३ मध्ये फर्स्ट इयरला असताना एका दुकानात "एक लाख दहा हजाराचा बिझनेस लॅपटॉप, फक्त ४८,०००!" अशी पाटी दिसली. आत आय-सेव्हन. बाजूलाच तेवढ्याच किमतीत एक साधा, प्लॅस्टिकचा, आय-फाइव्हवाला होता. फाइव्हपेक्षा सेव्हन मोठा, एवढं गणित केजीतलं पोरही करेल. मीही तेच केलं.

चूक अशी, की माझा आय-सेव्हन इंटेलच्या दहाव्या पिढीतला होता, चार कोअरचा. बाजूचा आय-फाइव्ह बाराव्या पिढीतला, दहा कोअरचा (दोन ताकदीचे, आठ बचतीचे). नावातला सेव्हन हा त्याच पिढीतल्या भावंडांमधला नंबर असतो. पिढी कळते ती त्यापुढच्या आकड्यावरून : १०५१० म्हणजे दहावी, १२३५ म्हणजे बारावी. एएमडीचं तर आणखी गमतीशीर. रायझनच्या सात हजारांच्या लॅपटॉप मालिकेत पिढी तिसऱ्या आकड्यात दडवलेली आहे. ७५२० मधला २ म्हणजे झेन-टू, ७७३० मधला ३ म्हणजे झेन-थ्री, ७८४० मधला ४ म्हणजे झेन-फोर. पहिला ७ बघून "नवीन आहे" म्हणाल तर फसाल.

दुसरं, रॅम ८ जीबी आणि ती मदरबोर्डलाच सोल्डर केलेली. "पुढे वाढवू" म्हणायची सोयच नाही. बारीक व्हायला शरीर पातळ लागतं आणि पातळ शरीरात स्लॉट बसत नाही, म्हणून भारी लॅपटॉपमध्ये हा प्रकार जास्त. आणि जिथे स्लॉट असतो तिथेही "नंतर बघू" महाग पडू शकतं. २०२५च्या शेवटी रॅमचे भाव असे काही चढले, की ज्यांनी थांबायचं ठरवलं होतं ते हळहळले.

तिसरं, बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी न वापरता पडून राहिली तरी म्हातारी होते, गरम गोडाऊनमध्ये तर लवकरच. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून "पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट" ही कमांड दिली की एक फाइल तयार होते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता, दोन्ही आकडे असतात. माझी मूळ ५० वॉट-अवर होती आणि नव्या कोऱ्या लॅपटॉपची आजची भरली ४१! मला ही कमांड कळली चाळीस दिवसांनी. दुकानाची परत घेण्याची मुदत सात दिवसांची होती.

पुढे सेकंड इयरला बिजागरी सुटली, कारण माल बिझनेसचा असला तरी आधी बहुतेक कुठल्यातरी शोकेसमध्ये रोज दोनशे वेळा उघड-बंद झाला असावा. लॅमिंग्टन रोडला जाऊन दुरुस्त करून आणली. घरी मात्र अजून सांगितलेलं नाही. (बाबा, अंक हाती पडला तर समजून घ्या.)

ब्रँच बघून नवरा, सॉरी, लॅपटॉप निवडावा

आता बाबांच्या प्रश्नाकडे. एम-वन एअर ही वस्तू चांगलीच आहे. त्यात पंखाच नाही, त्यामुळे लायब्ररीत आवाज शून्य. बॅटरी दिवसभर सहज जाते. चार्जर घरी राहिला तरी जीव कासावीस होत नाही. चार वर्षं जुनी चिप असूनही रोजच्या कामात ती अडत नाही. सपोर्टचंही बरं : २०२५च्या सप्टेंबरमध्ये आलेली मॅकओएस टाहो एम-वनवर चालते.

माझ्या रूममेटने तोच घेतला. तिची ब्रँच कॉम्प्युटर. पायथन, जावा, वेब, गिट, सगळं तिथे सुखाने चालतं. ती खूश आहे. तक्रारी दोनच. ८ जीबीमध्ये अँड्रॉइड स्टुडिओ, त्याचा एम्युलेटर आणि ब्राउझरचे पंचवीस टॅब एकत्र उघडले की तो धापा टाकतो. आणि दोनच टाइप-सी पोर्ट, म्हणून पेनड्राइव्ह लावायलाही अडॅप्टर शोधावा लागतो.

पण भावाची ब्रँच मेकॅनिकल! सॉलिडवर्क्स, कॅटिया, अँसिस यांची मॅकसाठी आवृत्तीच नाही. जुन्या इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प वापरून विंडोज टाकता यायचं. एम-वनपासून ती सोय गेली. आडवाटा आहेत, पण ओरल-प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री आडवाटेने जाऊ नये. ईएनटीसीवाल्यांनीही सावध राहावं. मॅटलॅब २०२३च्या दुसऱ्या आवृत्तीपासून या चिपवर थेट चालतं, आर्डुइनो चालतं, एलटीस्पाइस चालतं, पण प्रोटिअस, केल आणि व्हिवाडो नाही. सिव्हिलवाल्यांना मॅकवर ऑटोकॅड मिळेल, पण बाकी सॉफ्टवेअर आधी तपासा.

स्टाफसाठी उत्तर अगदी उलटं निघू शकतं. पीपीटी, पेपर लिहिणं, मार्कांच्या शीट आणि मीटिंगा एवढंच काम असेल, तर गेल्या सीझनचा भारी लॅपटॉप हाच उत्तम सौदा. कीबोर्ड चांगला, डोळ्यांना त्रास कमी, खांद्याला ओझं कमी.

हिशोब वर्षाचा करा

मी कागदावर केलेलं गणित सोपं होतं. एकूण खर्च भागिले वापराची वर्षं.

माझा : ४८,००० अधिक बॅटरी ४,५०० अधिक बिजागरी ३,०००, म्हणजे ५५,५००. फार तर तीन वर्षं चालेल, म्हणजे वर्षाला १८,५००.

रूममेटचा : ५४,००० अधिक अडॅप्टर आणि बाहेरची डिस्क मिळून ७,०००, म्हणजे ६१,०००. चार वर्षं नक्की धरली तर वर्षाला १५,२५०. तिला परवडला.

तोच लॅपटॉप भावाला : थर्ड इयरला सीएडी लॅबच्या बाहेर काम करायचं म्हटलं की दुसरा लॅपटॉप आलाच. म्हणजे चोपन्न हजार फक्त पहिल्या दोन वर्षांसाठी, वर्षाला २७,०००. सूट गेली कुठे?

घेण्याआधी एवढं बघा

१. पूर्ण मॉडेल नंबर मागा. नुसतं "आय-सेव्हन, एसएसडी" ऐकून पैसे देऊ नका.

२. रॅम सोल्डर आहे की स्लॉट आहे? सोल्डर असेल तर १६ जीबीच घ्या. त्या दसऱ्यानंतर १८ दिवसांनी, ३० ऑक्टोबर २०२४ रोजी, ॲपलनेच एम-टू आणि एम-थ्री एअरची मूळ रॅम त्याच किमतीत ८ वरून १६ जीबी केली. कंपनीलाच ८ पुरेना, मग आपण कशाला?

३. खोक्यावरची बनवल्याची तारीख वाचा. सीरियल नंबर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते कंपनीच्या साइटवर बघा. शोकेसमधल्या मालाची वॉरंटी आधीच सुरू झालेली असू शकते.

४. बॅटरी रिपोर्ट पहिल्याच दिवशी काढा, चाळिसाव्या नाही.

५. विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज इलेव्हनला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. त्यामुळे "कंपनीतला जुना माल, वीस हजारात" घेताना पिढी आधी विचारा.

६. जीएसटी बिल घ्या, खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आणि सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते पाहा.

मग काय झालं?

दुपारी मी फोन केला आणि सांगितलं, "बाबा, वस्तू चांगली आहे, सूट खरी आहे, पण आपल्यासाठी नाही." पलीकडे थोडा वेळ शांतता. ब्याण्णव हजाराची वस्तू अर्ध्या भावात सोडायची म्हणजे त्यांना लागलंच असणार. भाऊ मागून ओरडत होता, "ताईला काय कळतंय!" शेवटी बाबा म्हणाले, "म्हणजे सूट त्यांच्या गोडाऊनला आहे, आपल्याला नाही."

दिवाळीनंतर, कुठलाही सेल नसताना, ५३,००० ला बाराव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप घेतला. प्लॅस्टिकचा आहे. पंखा सुरू झाला की मिक्सर लावल्यासारखं वाटतं. स्क्रीन फिकी आहे. पण सॉलिडवर्क्स उघडतं, आणि भावाची पहिली असेंब्ली त्यावरच झाली. उरलेले सात हजार आईने परत पुढच्या भिशीत घातले.

परवा तो माझ्या रूममेटचा मॅक बघून म्हणाला, "ताई, हा भारी आहे गं."

आहेच. नोकरी लागली की घे म्हटलं, आणि तोही सेलमध्येच घे. फक्त आधी कागद-पेन घेऊन बस.