मालवणात सुरमई सोडून

गगनबावडा नाहीतर फोंडा घाट उतरून मालवणात पोचलेला पुणेकर हॉटेलात टेकल्या टेकल्या काय मागवणार, हे वेटरला आधीच माहीत असतं. सुरमई थाळी. खिसा गरम असेल तर पापलेट. एक तळलेली तुकडी, वाटीभर सार, भाकरी किंवा चपात्या, भात, सोलकढी. यात वाईट काही नाही. पण हीच थाळी कर्वे रस्त्यावरही मिळते. तिच्यासाठी पावणेचारशे किलोमीटर गाडी हाणायची गरज नाही.

सुरमईचं हे राज्य चवीपेक्षा सोयीवर चाललंय. मधोमध एकच काटा, बाकी सगळं मांस. त्यामुळे घाटावरच्या माणसाला काट्यांची धास्ती नाही, पोरांनाही बिनधास्त देता येते. हॉटेलवाल्यालाही सोपं पडतं. एका मोठ्या माशाच्या किती तुकड्या पडणार याचा हिशेब पक्का आणि फ्रीजरमध्ये ती टिकतेही बरी. मेनूकार्डावर पापलेटापुढे ‘ए.पी.एस.’ लिहिलेलं असतं, म्हणजे माशाच्या आकाराप्रमाणे दर. बांगड्यापुढे असं काही लिहायची वेळ सहसा येत नाही.

आणि बंदरावर पाहावं तर रोजची गर्दी त्या बांगड्याचीच. बांगडे, पेडवे, सौंदाळे, कधी मोरी, म्हणजे लहान मुशी. संध्याकाळी लिलावाला उभं राहिलं की टोपल्यांमध्ये हेच जास्त दिसतं. बडी सुरमई आली तर बर्फात बसून बाहेरगावी निघते. पुण्यातल्या गणेश पेठेच्या मासळी बाजाराची आवक आपण दर आठवड्याला वर्तमानपत्रात वाचतो: खोल समुद्रातली, खाडीची, नदीची. त्यातली ‘खोल समुद्रातली’ अशाच बंदरांवरून आलेली असते. म्हणजे सुरमई घाट चढून पुण्याला जाते आणि पुणेकर घाट उतरून तिला शोधायला मालवणात येतो.

हा उलटा प्रवास फक्त आपल्याकडेच होतो असं नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या बंदरांत पर्यटक फिश अँड चिप्स खातो, पण त्यातला कॉड बहुतेक वेळा आइसलँड-नॉर्वेकडच्या थंड पाण्यातून आलेला असतो. त्या गावाच्या बोटींनी धरलेले खेकडे तिकडे फ्रान्स-स्पेनच्या टेबलांवर जाऊन बसतात.

मग मालवणात खायचं काय? माझं मत विचाराल तर तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं. ओला नारळ, लाल मिरची, धणे, हळद एकत्र गुळगुळीत वाटायचं, आंबटाला आमसूल. तिरफळाची काळी बी काढून टाकलेली असते. वरचं साल जरासं ठेचून घालतात, आणि उकळी फुटली की झाकण उघडताच लिंबू आणि जंगल एकत्र असावं तसा वास येतो. ते साल चावायचं नसतं. चुकून दाताखाली आलंच तर जीभ पाचएक मिनिटं बधिर. बांगड्याचा उग्र वास मारायचं काम ते चोख करतं, म्हणून पापलेटाच्या वाट्याला ते जात नाही. बहुतेक घरांत या वाटणात गरम मसाला पडत नाही. खोबऱ्याबरोबर भाजून वाटलेला खडा मसाला कोंबडी-मटणाचा, आणि कोंबडी म्हटली की सोबत वडे. पुण्यातल्या बऱ्याच ‘मालवणी’ हॉटेलांत मात्र एकाच पातेल्यातला तिखटजाळ रस्सा मासे, मटण, अंडी सगळ्यांवर ओततात. मग वर जाड रव्याचं कवच. त्या कवचाखाली ताजा मासा आहे की आठवड्याचा, कळायला मार्ग नाही.

मालवणात बरं जेवायला मिळण्याची शक्यता मोठ्या पाटीपेक्षा घराच्या पडवीत जास्त. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढे तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात घरोघरी न्याहारी-निवास सुरू झालं. अशा ठिकाणी रांधणारी बाई घरचीच असते. सकाळीच तिला ‘काकी, आज काय गावलां?’ एवढं विचारलं, की ती आधी तुमच्याकडे नीट बघते आणि म्हणते, ‘पेडवे हत. तुमी खातलास?’ त्या प्रश्नात शंका असते, कारण पेडव्यात काटेच काटे. हो म्हणायचं. चुलीवर आटवलेले आंबट-तिखट पेडवे आणि गरम पेज यापुढे तळलेली तुकडी फिकी पडते.

हे स्वस्त मासे आता तितके स्वस्त आणि हमखास राहिलेले नाहीत. मालवणच्याच दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर दोन रांगांनी किनाऱ्यावरून खेचायचे. सगळ्यांचे वाटे ठरलेले, हात लावणाऱ्यालाही मूठभर मिळतात. किनाऱ्याजवळ येणारे बांगड्यांचे थवे पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक बोटी बाहेरच उचलतात, ही रापणकरांची जुनी तक्रार. राज्य सरकारने 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी भांडण मिटलेलं नाही. ते समुद्रात चालतं, पण त्याचा परिणाम थाळीच्या दरात दिसतो.

राहिला पाऊस. पुणेकरांना कोकण हिरवंगार बघायचं असतं, म्हणून जुलैत गाड्या लागतात आणि सुरमई थाळी तेव्हाही हजर असते. पण यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस, मासेमारी बंद. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिलला सुरू होऊन 14 जूनला संपते. म्हणजे जुलैतली तुमची सुरमई शीतगृहातली असेल, नाहीतर बंगालच्या उपसागरातलीही असू शकेल. त्या दिवसांत मालवणच्या घरात वेगळाच स्वयंपाक चालतो. उन्हाळ्यात खारवून वाळवलेली मोरी बाहेर निघते. पहिल्या पुराबरोबर ओढ्यांत चढणीचे मासे येतात. सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून, कुस्करून, त्यात ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि आमसूल कालवून किसमूर करतात. सोबत टाकळ्याची भाजी. यातलं काहीच मेनूकार्डावर नसतं. किसमूर हवी असेल तर आदल्या रात्रीच काकींना सांगून ठेवा. आणि खोलीची खिडकी लावून घ्या, सुका बांगडा भाजला की त्याचा वास कपड्यांतून पुण्यापर्यंत येतो.