न्हाणीतली जाळी हलवताय? हवेचा पाईप विसरू नका!

लग्नकार्याच्या निमित्तानं किंवा दिवाळीच्या तोंडावर घराची डागडुजी निघाली, की हल्ली पहिला नंबर लागतो न्हाणीघराचा. जुनी लादी काढायची, नव्या टाइल्स लावायच्या आणि शॉवर दाराजवळून हलवून खिडकीखालच्या कोपऱ्यात न्यायचा. टाइल्सच्या रंगावर घरात चार-चार दिवस चर्चा होते. पण शॉवर हलला की पाणी जायची जाळी हलणार, आणि जाळी हलली की फरशीखालचा पाईप लांबणार, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

मग सहा महिन्यांत नवीकोरी न्हाणी वास मारू लागते. तुम्ही फिनेल ओतता, जाळी घासघासून हात दुखवून घेता. पाहुण्यांसमोर ओशाळायची वेळ तुमच्यावर, आणि "रोज धुतेस ना गं नीट?" हेही तुम्हीच ऐकायचं! मैत्रिणींनो, हा वास बहुतेक वेळा अस्वच्छतेचा नसतोच. तो फरशीखालच्या चुकीच्या कामाचा असतो.

जाळीखाली काय असतं, ते आधी पाहू. तिथं एक वाकडं भांडं बसवलेलं असतं. दुकानात त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. वापरलेलं पाणी निघून गेलं तरी या भांड्यात कायम थोडं पाणी साठून राहतं. ते निदान दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर हवं. हा पाण्याचा पडदा गटारातली हवा, वास आणि झुरळं घरात येऊ देत नाही. पडदा गेला, की गटार आणि तुमचं घर यांच्यात उरते ती फक्त जाळी.

हा पडदा जातो कसा? तेलाचा पंधरा किलोचा डबा आठवा. एकच भोक पाडलं तर तेल गचके खात, डुबुक-डुबुक पडतं. दुसऱ्या बाजूला आणखी एक भोक पाडलं की धार कशी सरळ लागते! तेल बाहेर जायला हवा आत यावी लागते. पाईपाचंही तसंच आहे. जाळी उभ्या पाईपाजवळ होती तोवर गच्चीवर तोंड उघडं असलेल्या त्या पाईपातून हवा मिळत होती. आता आडवा पाईप लांबला. बादलीभर पाणी एकदम ओतलं, की तो तोंडोतोंड भरतो, मागे हवा मिळत नाही, आणि जाता जाता पाणी ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं. न्हाणीतून येणारा 'गुडगुड' आवाज म्हणजे हीच ओढाताण.

"थोडासा वास, त्यात काय एवढं!" असं कुणी म्हणालं, तर त्यांना हाँगकाँगची गोष्ट सांगा. २००३ साली सार्सच्या साथीत तिथल्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत ३००हून अधिक रहिवासी आजारी पडले. तिथल्या आरोग्य खात्यानं चौकशी केली, तेव्हा अनेक न्हाण्यांतले ट्रॅप कोरडे पडलेले आढळले. लोक फरशी धुण्याऐवजी पुसून घेत. दार लावून पंखा सुरू केला, की सांडपाण्याच्या पाईपातली दूषित हवा घरात ओढली जाई. रोग पसरण्याचं ते एक कारण ठरलं.

तेव्हा प्लंबरशी बोलताना या गोष्टी आधीच ठरवून घ्या:

१. आडव्या पाईपाला दर फुटाला पाव इंच उतार हवा. "जास्त उतार दिला की पाणी लवकर जाईल" हे खरं नाही. जास्त उतारानं ट्रॅप रिकामा व्हायला मदतच होते.

२. पाईप दोन इंची असेल, तर आठ फुटांत तो स्वतःच्या जाडीएवढा, म्हणजे दोन इंच, खाली जातो. त्यापुढे हवा जोडून उपयोग नाही. म्हणून ट्रॅपपासून पाच फुटांच्या आत हवेचा पाईप जोडून घ्या. दीड इंची पुरतो.

३. हा जोड आडव्या पाईपाच्या वरच्या अंगानं घ्यावा आणि पाईप भिंतीतून सरळ वर न्यावा. खाली आडवा फिरवला, तर तुंबलेलं पाणी आणि साबणाचा गाळ त्यात साचतो.

४. इमारतीला हवेचा वेगळा उभा पाईप असेल तर त्याला, वॉशबेसिनच्या कडेपेक्षा निदान सहा इंच वर, जोडावा. नसेल तर बाहेरच्या भिंतीवरून गच्चीच्या वर न्यावा आणि तोंडाला जाळीची टोपी घालावी. पावसाच्या पाण्याच्या पाईपाला जोडू देऊ नका. सोसायटीत राहत असाल तर आधी लेखी परवानगी घ्या.

५. वर नेणं अगदीच शक्य नसेल, तर फक्त आत हवा घेणारी झडप मिळते. ती टाइल्सखाली मात्र गाडू नका. कधी ना कधी बदलावी लागते, तेव्हा हात पोचला पाहिजे.

"ताई, काही गरज नाही, आजवर कुठं कोण लावतं?" असं उत्तर येईल. तेव्हा वाद घालू नका. फरशी बंद करण्याआधी चाचणी मागा. ट्रॅप पाण्यानं भरा, विणकामाची सुई उभी बुडवून पाणी कुठवर आलं ती खूण करा. मग भरलेली बादली एकदम ओता. वॉशिंग मशीनचं पाणीही त्याच पाईपात जाणार असेल, तर तेही सोडून पाहा. पुन्हा सुई बुडवा. पाणी खुणेच्या बरंच खाली गेलं असेल, तर ट्रॅप ओढला जातोय. प्लंबरलाही ते डोळ्यांनी दिसेल.

घर जुनं असेल आणि पाईप लांबवायला जागाच नसेल, तर शॉवर जुन्या जागेवरच ठेवणं शहाणपणाचं. जी न्हाणी रोज वापरात नाही, तिथं आठवड्याला तांब्याभर पाणी जाळीत ओतायला विसरू नका. गावी जाऊन आल्यावर तर आधी हेच काम.

आणि टाइल्स लावण्यापूर्वी उघड्या पाईपांचा एक फोटो काढून घराच्या कागदपत्रांत ठेवून द्या. पुढं कधी गळती झाली, तर सगळी न्हाणी फोडण्याऐवजी नेमकी एकच टाइल काढून भागेल.