ब्रेक दाबताना वाचणारे पेट्रोल

‘स्ट्राँग हायब्रिड’ म्हटल्या जाणाऱ्या गाडीला पेट्रोलखेरीज ऊर्जेचा दुसरा कोणताही स्रोत नसतो, ही गोष्ट तिच्या मायलेजचा विचार करताना प्रथम ध्यानात घ्यावी लागते. अशा गाडीची बॅटरी घरच्या प्लगला जोडून चार्ज करता येत नाही. तिच्यात साठणारी वीज एक तर इंजिनाने निर्माण केलेली असते, नाही तर गाडीचा वेग उतरताना परत मिळवलेली असते, आणि तो वेगही मुळात पेट्रोल जाळूनच आलेला असतो. असे असूनही 2022 साली भारतात आलेल्या होंडा सिटी ई:एचईव्ही या कौटुंबिक सेडानने प्रमाणित चाचणीत लिटरमागे 26.5 किलोमीटरचा आकडा नोंदवला, तर त्याच काळातील ऑटोमॅटिक गिअरच्या साध्या पेट्रोल सिटीचा आकडा 18.4 होता. हा फरक पडतो तो ऊर्जेची गळती थांबल्याने, आणि गळती सर्वाधिक होते ती शहरातल्या खोळंबत चालणाऱ्या वाहतुकीत.

पेट्रोल इंजिन पुरेशा भाराखाली आणि मध्यम फेऱ्यांवर चालते तेव्हा इंधनातील ऊर्जेपैकी पस्तीस ते चाळीस टक्के भाग यांत्रिक कामात उतरू शकतो. या प्रमाणाला औष्णिक कार्यक्षमता म्हणतात. पण पुण्याच्या कर्वे रस्त्यावर संध्याकाळच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीला इंजिनाच्या ताकदीचा जेमतेम दहावा हिस्सा लागतो, आणि एवढे थोडके काम करताना तीच कार्यक्षमता निम्म्यावर किंवा त्याखाली घसरते. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यातले घर्षण काम घटले म्हणून त्या प्रमाणात घटत नाही; शिवाय हवा आत सोडणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असल्यामुळे दट्ट्याला प्रत्येक खेपेला अर्धवट निर्वाताशी झगडत हवा ओढावी लागते. सिग्नलला गाडी उभी असताना तर इंधन जळत राहते आणि अंतर काहीच कापले जात नाही.

हायब्रिडची रचना या दुखण्यावर दोन बाजूंनी उपाय करते. पहिला उपाय इंजिनाच्या आतला आहे. जेम्स ॲटकिन्सन या ब्रिटिश अभियंत्याने 1880 च्या दशकात असे इंजिन घडवले की ज्यात वायू दाबला जाण्याचा टप्पा आखूड आणि तो प्रसरण पावण्याचा टप्पा लांब होता, त्यामुळे तप्त वायूकडून अधिक काम काढून घेता येई. आजची हायब्रिड इंजिने तोच परिणाम हवा आत घेणारी झडप मुद्दाम उशिरा मिटवून साधतात. याची किंमत अशी की कमी फेऱ्यांवर असे इंजिन अशक्त असते, आणि साध्या गाडीत ते सिग्नलवरून उचल घेताना चालकाचा धीर सुटेल इतके मंद वाटले असते. ही उणीव विजेवरची मोटार भरून काढते, कारण तिचा पीळ, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, शून्य वेगापासूनच पूर्ण मिळतो. सिटीच्या दीड लिटर इंजिनाचा पीळ 127 न्यूटन-मीटर आहे, तर मोटारीचा 253.

दुसरा उपाय मांडणीचा आहे. या गाडीत दोन विद्युत यंत्रे आहेत, त्यांपैकी एक इंजिनाला जोडलेले जनित्र आणि दुसरी चाके फिरवणारी मोटार. संथ वेगाला इंजिन बंद राहून बॅटरी मोटारीला वीज पुरवते. अधिक जोर लागला की इंजिन सुरू होऊन जनित्र फिरवते, मात्र चाकांशी त्याचा थेट संबंध नसल्याने ते स्वतःला मानवणाऱ्या फेऱ्यांवर चालू शकते आणि उरलेली वीज बॅटरीत जाते. यांत्रिक कामाची वीज आणि विजेचे पुन्हा यांत्रिक काम या दुहेरी रूपांतरात काही ऊर्जा वाया जाते, म्हणून महामार्गावरच्या स्थिर वेगाला एक क्लच इंजिनाला सरळ चाकांशी जोडतो.

खरी मौज ब्रेकमध्ये आहे. प्रवाशांसह 1,400 किलो वजनाची गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्यात सुमारे 135 किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. पंचवीस टक्के कार्यक्षमतेने चालणाऱ्या इंजिनाने ही ऊर्जा मिळवायची तर साधारण 17 मिलिलिटर, म्हणजे तीन चमच्यांहून थोडे अधिक पेट्रोल जळते, आणि साधी गाडी लाल दिव्यापाशी थांबली की त्यातले बहुतेक सारे ब्रेकच्या तबकड्यांवर उष्णता होऊन विरून जाते. हायब्रिडमध्ये वेग उतरताना मोटारच जनित्राचे काम करते, चाकांना आवळून धरते आणि वीज बॅटरीत पाठवते. येण्याजाण्यातली तूट धरूनही निम्म्याच्या आसपास ऊर्जा पुढच्या उचलीसाठी हाती लागते. मात्र मोटार आणि बॅटरी ठरावीक दरानेच वीज घेऊ शकतात. चालकाने लांबूनच हलका ब्रेक लावला तर जवळपास सारे काम विजेने होते, तर शेवटच्या क्षणी करकचून ब्रेक दाबला की जास्तीचा भार नेहमीच्या घर्षणाच्या ब्रेकवर जातो आणि कमाई हुकते. एकाच गाडीचे ॲव्हरेज दोन माणसांच्या हातात एवढे वेगळे का येते, याचे उत्तर बरेचसे इथे सापडते.

बॅटरीचा लहानपणा घाटात उघड होतो. सिटीच्या बॅटरीची क्षमता पाऊण किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलावरच्या पाऊण युनिटाइतकीही नाही, आणि आयुष्य टिकावे म्हणून त्यातलाही मधला भागच वापरला जातो. खंडाळ्याहून खोपोलीकडे पाचशे मीटर उतरणारी हीच गाडी जवळपास दोन युनिट स्थितिज ऊर्जा सोडते. घर्षण आणि हवेचा अडथळा यांत जाणारा वाटा वजा केला तरी उरलेली ऊर्जा बॅटरीत मावत नाही, आणि घाट अर्धा उतरेपर्यंत ती भरून जाते. मग गाडी ती नको असलेली वीज इंजिनाला बिनपेट्रोलचे फिरवण्यात खर्च करते. उतारावर, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिन एकाएकी मोठ्याने गरजू लागते ते यामुळे. तो बिघाड नसतो, तर इंजिन ब्रेकिंगचाच एक प्रकार असतो.

आवाज आणि वेग यांची अशी फारकत हाच हायब्रिड चालवण्याच्या अनुभवातला सर्वांत मोठा बदल होय. गाडी निःशब्द निघते, गिअर बदलल्याचे हिसके नसतात, आणि पहिल्या काही मीटरांतली उचल मोठ्या इंजिनाच्या गाडीसारखी भासते; परंतु ओव्हरटेक करताना पेडल पूर्ण दाबले की इंजिनाचा सूर एका पट्टीत वर चढून तिथेच राहतो, आणि कानाची सवय व्हायला काही दिवस जातात. उन्हाळ्यात एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्याऐवजी विजेवर चालत असल्याने सिग्नलला इंजिन बंद असूनही गारवा टिकतो. त्याबदली छोटी बॅटरी लवकर उतरते आणि उभ्या गाडीतच इंजिनाला अधूनमधून जागे व्हावे लागते.

महामार्गावर बचत आखडते, कारण तिथे ब्रेक क्वचितच लागतो आणि हवेशी झुंज मोठी असते. वेग दुप्पट झाला की हवेला कापण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. ताशी 50 किलोमीटरला सेडानला एक किलोवॅटच्या घरात लागणारी ही शक्ती ताशी 100 ला आठ किलोवॅटच्या पुढे जाते, आणि या खर्चातून परत मिळवण्यासारखे काहीच उरत नाही. रोजच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांतही फायदा कमी दिसतो, कारण थंड इंजिन आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवण्यासाठी सुरुवातीला इंजिन चालवावेच लागते.

पुण्यातील ‘एआरएआय’ या संस्थेच्या नावाने जाहिरातींत झळकणारे आकडे हे सारे चढउतार दाखवू शकत नाहीत. त्या आकड्यांमागची चाचणी रोलरवर, आखून दिलेल्या वेगक्रमानुसार, ताशी 90 किलोमीटरच्या मर्यादेत आणि एसी बंद ठेवून होते. गाड्यांची आपसांत तुलना करण्यासाठी ती उपयोगी आहे, पण घरच्या खर्चाचा अंदाज त्यावर बेतू नये.

तरी त्याच आकड्यांवर हिशेब मांडला तर वर्षाला 12,000 किलोमीटर धावणाऱ्या कुटुंबाचे सुमारे 200 लिटर पेट्रोल वाचते. लिटरला शंभर रुपये धरले तर हे वीस हजार होतात, आणि हायब्रिड सिटी बाजारात आली तेव्हा साध्या गाडीहून चार लाखांच्या वर महाग होती. शिवाय बॅटरीने डिकीतली जागा 506 लिटरवरून 306 वर आणली, हे सुटीत चार माणसांच्या बॅगा घेऊन निघणाऱ्या घराला जाणवतेच. मात्र त्या 200 लिटरांबरोबर हवेत जाणारा साडेचारशे किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइडही टळतो, आणि कररचनेत या गोष्टीची दखल नाही: सप्टेंबर 2025 पासून विजेवरच्या गाडीला 5 टक्के जीएसटी आहे, तर या आकाराच्या हायब्रिडला 40 टक्के, म्हणजे तिच्या साध्या पेट्रोल भावंडाइतकाच. जवळजवळ एक तृतीयांश इंधन वाचवणाऱ्या गाडीला काहीच न वाचवणाऱ्या गाडीच्या रांगेत बसवणे न्याय्य नाही, आणि चार्जरची सोय नसलेल्या असंख्य सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या कुटुंबांसाठी तर ते थेट तोट्याचे आहे.