सोफ्यातलं रसायन, कॅप्सूलमधलं औषध

आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या लेकीला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. तिच्या नव्या कॅप्सूलचं नाव काकूंनी इंटरनेटवर शोधलं आणि घाबरून फोन केला, "अहो, हे तर त्या सोफ्यातलं विष!"

काकूंचं चुकलं नव्हतं. २००८ च्या सुमारास इथे ब्रिटनमध्ये लेदरच्या नव्या सोफ्यांवर बसणाऱ्यांच्या पाठीला, मांड्यांना लाल चट्टे उठत होते, ते आठवतंय ना? बुरशी लागू नये म्हणून सोफ्यात ठेवलेल्या पुड्यांत डायमिथिल फ्युमरेट होतं. अंगाच्या उबेने त्याची वाफ कातडीपर्यंत यायची. २००९ मध्ये युरोपीय संघाने अशा मालावर बंदी घातली. आणि तेच रसायन दाह कमी करायला दिवसातून दोनदा घ्यायचं? हो!

हा रेणू इलेक्ट्रॉनचा भुकेला, म्हणजेच इलेक्ट्रोफिलिक. आपल्या प्रथिनांतल्या सिस्टीनमध्ये गंधक असतं; त्याच्याशी गाठ पडली की हा तिथे चिकटतो. पेशीत कीप-१ नावाचं प्रथिन एनआरएफ-२ या दुसऱ्या प्रथिनाला डोकं वर काढू देत नाही. कीप-१ च्या गंधकाला आपला रेणू चिकटला की एनआरएफ-२ मोकळं होतं, केंद्रकात जातं आणि पेशीला जपणारी जनुकं जागी करतं. दाह ओसरण्याचा हा एकच मार्ग नाही, पण महत्त्वाचा आहे.

खरी मेख आहे ती भूक किती यात. साधं फ्युमरिक आम्ल आपल्या पेशींत एरवीही तयार होतं. ते या बाबतीत थंडच. त्याला दोन मिथिल गट जोडले की ते चपळ होतं. याहून तिखट रेणू मात्र दिसेल त्या गंधकाला चिकटतात, ग्लुटाथायोनचा साठा संपवतात आणि पेशीच मारतात.

सोफ्यावर हा रेणू थेट त्वचेतल्या प्रथिनांना चिकटला आणि शरीराने ती परकी ठरवली. कॅप्सूल मात्र आतड्यात उघडते. तिथे एक मिथिल गट सुटून बराच मवाळ रेणू रक्तात जातो. तरीही पहिले ७ दिवस १२० मिलिग्रॅम दोनदा, मग २४०. चेहरा लालबुंद होतो, पोट कुरकुरतं. पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून रक्ततपासणी अजिबात चुकवायची नाही.

"त्यापेक्षा हळद बरी," काकू म्हणाल्या. हळदीतलं कर्क्युमिनही याच जातीचं, पण ते अंगात मुरतं फार थोडं आणि मोडतं लवकर. हळद-दूध खुशाल द्या म्हटलं, पण कॅप्सूलबद्दल काय ते न्यूरॉलॉजिस्टला विचारूनच.