पारदर्शक भागांचे पुनरुज्जीवन

अहिल्यानगर येथे १९९४ पासून असलेले रणगाडा संग्रहालय पाहून आलेली मुले रणगाड्यांच्या आणि विमानांच्या प्रतिकृती जोडण्यात रमतात, असा आमचा अनुभव आहे. महिनोन्‌महिने खपून सिद्ध केलेल्या अशा प्रतिकृतीत सर्वांत नाजूक असतो तो पारदर्शक भाग: विमानाचे छत, रणगाड्याचा दिवा, बसची खिडकी. तो धुरकट झाला की साऱ्या कष्टांवर पाणी पडते आणि प्रतिकृती अडगळीत जाते. वास्तविक, असे बरेचसे भाग सावरता येतात.

हे भाग बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात. हे प्लॅस्टिक स्वच्छ पण ठिसूळ असते. पेट्रोल, थिनर वा ॲसिटोन लागताच त्यावर बारीक तडे उमटतात. शेवगावसारख्या कोरड्या भागातील धुळीत प्लॅस्टिकहून कठीण कण असतात. म्हणून कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे ओरखडे काढणेच होय. प्रथम साबणाच्या कोमट पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. उकळते पाणी मात्र वर्ज्य, कारण सुमारे १०० अंश सेल्सिअसला हे प्लॅस्टिक मऊ पडते.

ओरखडा दिसतो, कारण त्याच्या खडबडीत कडांवर प्रकाश विखुरतो. त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. ओरखडा दिसेनासा झाला, तर तो वरवरचा आहे आणि घासून जाईल. पांढरी रेघ आतच दिसत राहिली, तर ती चीर आहे. ती घासून जाणार नाही.

वरवरच्या ओरखड्यासाठी १०००, १५०० आणि २००० क्रमांकांचे वॉटर पेपर पाण्यात भिजवून, याच क्रमाने हलक्या हाताने वापरावेत. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या रेघा पुरत्या गेल्या की नाही हे कळते. या वेळी भाग अधिकच धुरकट दिसेल; घाबरून जाऊ नये. शेवटी मऊ सुती कापडावर थोडी पांढरी टूथपेस्ट घेऊन चकाकी आणावी व भाग धुवावा. त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या पारदर्शक ॲक्रिलिक वार्निशचा पातळ थर द्यावा. पॉलिस्टायरीनचा अपवर्तनांक सुमारे १.५९ आणि ॲक्रिलिकचा १.४९; हे अंक जवळचे असल्याने उरलेल्या सूक्ष्म रेघा भरून निघतात व दिसेनाशा होतात. थर वाळेपर्यंत वर वाडगा पालथा घालावा, म्हणजे धूळ बसणार नाही.

फेविक्विकसारख्या गोंदाच्या वाफेने आलेला पांढुरका थर पृष्ठभागावरच असतो. तोही याच रीतीने निघतो. तो येऊच नये म्हणून पारदर्शक भाग फेविकॉलने चिकटवावा. तो वाळल्यावर जवळजवळ पारदर्शक होतो आणि सांडलेला ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसता येतो.

भाग हरवला वा चिरला असेल, तर त्याच्या आकाराचा, किंचित लहान लाकडी साचा करावा. तो पाण्याच्या रिकाम्या पेट प्लॅस्टिक बाटलीत ठेवून बाहेरून गरम हवा द्यावी. बाटली आक्रसून साच्यावर घट्ट बसते. मग हवा तेवढा भाग कापून घ्यावा. हे काम मोकळ्या हवेत आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

दुरुस्त प्रतिकृती उन्हाच्या तिरिपेपासून दूर ठेवावी; उन्हाने हे प्लॅस्टिक पिवळे पडते आणि तो पिवळेपणा खोलवर गेल्यास घासून निघत नाही. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी बालपणीची एखादी प्रतिकृती धूळ खात पडली असेल, त्यांनी ती टाकून देण्यापूर्वी पाण्याच्या थेंबाची परीक्षा अवश्य करून पाहावी. आणि दुरुस्ती करताना घरातील मुलांना शेजारी बसवून घ्यावे. वस्तू टाकण्याआधी तपासण्याची सवय त्यांना लागली, तर तो लाभ प्रतिकृतीहून मोठा आहे.