वृद्ध कुत्र्याचा पाय काढताना : वेदना कोणाची, निर्णय कोणाचा?

मागच्या वेळी आपण 'कर्तव्य' या विषयाशी थांबलो होतो. आजही तोच विषय आहे, पण ग्रंथातून नाही, घरातून. जून महिन्यापासून आमच्या घरी कर्तव्याचा तास एका कुत्र्याच्या उशाशी बसून चालू आहे. मागच्या व्याख्यानानंतर दोघा-तिघांनी जिन्यात गाठून विचारलं होतं की आमच्याही कुत्र्याचा पाय काढायला सांगितलाय, वय झालंय, काय करावं? तेव्हा उभ्या उभ्या जे बोललो ते अपुरं होतं. ते आज पुरं करू.

आमचा कुत्रा लॅब्रेडॉर, वय अकरा. नाव कांट. संध्याकाळी ठरल्या वेळी दाराशी येऊन उभा राहायचा म्हणून हे नाव. तत्त्वज्ञ कांटच्या फेरफटक्यावर गावकरी घड्याळं लावत, ही कथा आपण ऐकलेली आहेच. पनवेलमध्ये मात्र जर्मन नावं टिकत नाहीत. बिल्डिंगमधली मुलं त्याला 'कांता' म्हणतात आणि दूधवाले 'कांताशेठ'. तो तिन्ही नावांना ओ देतो.

मे महिन्यात तो मागच्या उजव्या पायाने लंगडू लागला. आम्ही ठरवून टाकलं, वय झालं, संधिवात असणार. सौ. त्याला कोमट तेल लावत असत. यात सहा आठवडे गेले. एक दिवस गुडघ्याच्या वर हाताला टणक सूज लागली तेव्हा एक्स-रे काढला. हाडाचा कर्करोग. सुईने नमुना घेऊन तपासला, तेही तेच निघालं. मोठ्या चणीच्या कुत्र्यांत उतारवयात हा ऑस्टिओसार्कोमा वारंवार दिसतो. म्हाताऱ्या कुत्र्याचं लंगडणं दोन आठवड्यांत थांबलं नाही तर एक्स-रे काढा. आम्ही तत्त्वज्ञानात डॉक्टरेट घेतलेली, आणि निदान केलं तेलाच्या बाटलीने.

आता पाय का काढायचा, हे नीट समजून घ्या. आमचीच समजूत चुकीची होती. पाय काढला म्हणजे रोग गेला, असं नाही. निदान होतं तोवर बहुतेक कुत्र्यांत रोगाच्या पेशी फुप्फुसापर्यंत पोहोचलेल्या असतात, फक्त त्या एक्स-रेत दिसत नाहीत. केवळ पाय काढला तर निम्मे कुत्रे चार ते सहा महिन्यांच्या आत जातात. जोडीला केमोथेरपी दिली तर तोच आकडा दहा महिने ते वर्षाच्या आसपास जातो. मग पाय काढायचा कशाला? वेदनेसाठी. गाठ हाडाला आतून पोखरते, हे दुखणं अतोनात असतं आणि साध्या गोळ्यांना फारसं दाद देत नाही. शिवाय पोखरलेलं हाड सोफ्यावरून उतरतानाही मोडू शकतं. म्हणजे पाय काढणं हेच इथे सगळ्यात मोठं वेदनाशामक. आमची डॉक्टर तिशीतली मुलगी आहे. ती म्हणाली, "सर, तो पाय त्याने मनातून केव्हाच सोडून दिलाय. तो आत्ताच तीन पायांवर चालतोय, चौथा फक्त दुखतोय." आम्ही घरी येऊन पाहिलं, तर खरंच.

इथे देकार्तची आठवण येणं अपरिहार्य होतं. १६३७ साली त्याने प्राण्यांची गणना यंत्रांत केली. त्यांच्या हालचालींमागे आत्मा मानायची गरज नाही, असं त्याचं म्हणणं. आणि १६४१ साली याच देकार्तने लिहिलं की हात-पाय कापलेल्या माणसांना नसलेल्या अवयवात कळ येते, असं त्याच्या ऐकण्यात आहे. ही माहिती त्याने इंद्रियांवर किती विश्वास ठेवावा या चर्चेत वापरली. कुत्र्याच्या पायाशी तिचा काही संबंध लागेल, असं त्याच्या मनात आलं नाही. आज मात्र अशा शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन नावाचं औषध बऱ्याचदा देतात, ते याच भीतीने की कापलेली नस नंतरही बोलत राहील. पायाच्या जागी अचानक वळून बघणं, अंग थरथरणं, केकाटणं दिसलं तर डॉक्टरांना कळवायचं. 'त्याचा भास आहे' म्हणून सोडून द्यायचं नाही.

निर्णयाला आम्ही चार दिवस घेतले. माणसाची संमती घेता येते, इथे ती नाही. आम्ही दोघं एकमेकांना विचारत होतो, "त्याला हे चालेल का?" या प्रश्नात एक चोर बसलेला होता. आम्ही खरं तर विचारत होतो, आम्हाला हे बघवेल का. तीन पायांचा कुत्रा बघून लोक काय म्हणतील, हेही त्यात होतं. हे प्रश्न वेगळे केले तेव्हा उरले ते मोजकेच. छातीच्या एक्स-रेत फुप्फुसं स्वच्छ आहेत का? हृदय, मूत्रपिंड भूल सोसतील का? उरलेले तीन पाय धड आहेत का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण दोन्ही गुडघे किंवा खुबे गेलेल्या कुत्र्याला तीन पायांवर उभं करणं अवघड. कुत्रा साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर घेतो, त्यामुळे मागचा पाय गेला तर तुलनेने सोपं, पुढचा गेला तर जास्त कष्टाचं. वय स्वतःहून आड येत नाही, वयाबरोबर आलेले आजार येतात. आणखी एक, आपल्या भागात गोचिडांमुळे येणारा ताप फार. त्यात रक्तातल्या प्लेटलेट उतरतात. शस्त्रक्रियेआधी ती तपासणी झाली का, हे मुद्दाम विचारा.

केमोथेरपी आम्ही घेतली नाही. दर तीन आठवड्यांनी पावसात मुंबई गाठायची, गाडीत त्याला उलट्या होतात, आणि निवृत्तिवेतनाचाही विचार होताच. तो होता हे लपवण्यात अर्थ नाही. खर्चाचा पूर्ण आकडा आधी मागा, त्यात भिडस्तपणा नको. परळला पेटिट कुटुंबाच्या देणगीतून उभं राहिलेलं बाई साकरबाई रुग्णालय आहे, त्याच परळमध्ये १८८६ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. २०२४ च्या जुलैत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. रतन टाटांनी सांगितलं होतं की त्यांच्या एका कुत्र्याच्या सांध्यासाठी त्यांनी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठ गाठलं, पण उशीर झाला होता आणि तो सांधा एका स्थितीत कायमचा जखडावा लागला. उशीर त्यांनाही चुकला नाही, तिथे आमचे सहा आठवडे काय. (हे आम्ही स्वतःच्या समाधानासाठी सांगतो, त्याने सहा आठवडे परत येत नाहीत.)

जूनच्या शेवटी नवी मुंबईतल्या एका दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. पाय खुब्यापासून काढला. थोटूक ठेवत नाहीत. कुत्रा ते टेकवायला बघतो आणि जखम करून घेतो.

पहिल्या रात्रीची तयारी कोणी सांगत नाही. रात्री दोनला तो रडू लागला, थांबेचना. आम्हाला वाटलं, आपण घोर पाप केलं. सौ. म्हणाल्या, "अहो, कशाला केलं आपण हे?" डॉक्टरला फोन लावला. ती म्हणाली, यातलं बरंचसं रडणं भूल आणि कडक वेदनाशामकं उतरतानाच्या गोंधळाचं असतं. दिवा मंद ठेवा, बाजूला बसा, पुढची गोळी वेळेवर द्या. पहाटे तो झोपला. घरातली माणसांची गोळी मात्र कुत्र्याला कधीही देऊ नका. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम यांनी यकृत, मूत्रपिंड, पोट बिघडतं, जीवही जाऊ शकतो.

मग फरशी. आपल्या सगळ्यांच्या घरी हल्ली त्या चकचकीत टाइल्स. तीन पायांच्या जनावराला ती फरशी म्हणजे शेवाळलेला घाट. सतरंज्या टाकल्या, त्या त्याच्यासकट सरकल्या. शेवटी रबरी पाठीच्या मॅट आणल्या आणि झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून दारापर्यंत रस्ता आखला. नखं कापली, पंजांमधले केस कापले. पोटाखालून जुना टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरायची, म्हणजे त्याला तोल मिळतो. तो चालेल तसं चालायचं, ओढायचं नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि हा चौतीस किलोचा. खालच्या मजल्यावरची दोन मुलं पंधरा दिवस त्याला चादरीच्या झोळीतून खाली-वर नेत होती. ती नसती तर हे व्याख्यान वेगळं झालं असतं.

पहिले दोन दिवस शी झाली नाही, ते औषधांमुळे चालतं, पण लघवी झालीच पाहिजे. पाचव्या दिवशी टाक्यांच्या खालच्या टोकाला पाण्याचा फुगा आला. तो बहुधा आपोआप जिरतो, फोडायचा नाही. आमची खरी धास्ती पावसाळ्याची. ओलसर जखमेवर माशी बसली की आळ्या पडायला वेळ लागत नाही. जखम कोरडी ठेवणं, दिवसातून दोनदा बघणं आणि गळ्यातला तो प्लॅस्टिकचा कोन न काढणं, एवढंच काम. बाराव्या दिवशी टाके निघाले.

बुद्धाने दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा त्याबद्दलच्या शोकाचा, आणि तो अज्ञानी माणूस स्वतःला लावून घेतो. अनेक जण म्हणतात, प्राण्याला दुसरा बाण नसतो. आम्हाला ते पूर्ण पटत नाही. एकदा जिन्यात घसरल्यावर कांट तीन आठवडे जिन्याकडे तोंड करून बसत नव्हता. पण एक खरं, पाहुणे 'अरेरे, बिचारा' म्हणत आणि हा शेपटी हलवून त्यांची पिशवी हुंगत असे. गेलेल्या पायाचा शोक बहुतांशी आम्हीच करत होतो.

लोक सांगतात, स्टेशनजवळचा तीन पायांचा कुत्रा बघा, कसा पळतो! बघितलाय. पण जे जगले नाहीत ते आपल्याला दिसत नाहीत, तेव्हा त्या एकावरून निष्कर्ष काढू नका. तीन पायांना जपावं लागतं. आम्ही तुपाची पोळी बंद केली, चौतीसचे एकोणतीस किलो केले. लांब एक फेरी नको, छोट्या चार बऱ्या. ऑक्टोबरपासून तो वडाळे तलावापर्यंत जाऊन येतो, मध्ये दोनदा बसतो. वेळ मात्र तीच, संध्याकाळची.

तत्त्वज्ञ कांटने प्राण्यांविषयीचं कर्तव्य हे माणसाविषयीच्या कर्तव्यातून आडमार्गाने काढलं. ते आम्ही वर्गात अनेक वर्षं शिकवलं आणि ते आम्हाला तोकडं वाटतं. तरी दीर्घ सेवा केलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला शेवटपर्यंत सांभाळायला हवं, हे त्यानेही मानलं होतं. 'शेवटपर्यंत' म्हणजे कुठपर्यंत, यावर त्याने काही सांगितलेलं नाही. आम्ही स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज खूण करतो : जेवला का, दाराशी आला का, स्वतःहून उठला का. तिन्ही झाले तर चांगला दिवस, नाहीतर फुली. आठवड्यात फुल्या जास्त झाल्या की डॉक्टरला घरी बोलवायचं, आणि तेव्हा वाद घालायचा नाही, हे आम्ही दोघांनी धडधाकट मनाने आधीच ठरवून ठेवलंय.

गेल्या मंगळवारपासून त्याला खोकला आहे. परवा छातीचा एक्स-रे आहे. या आठवड्यात आतापर्यंत फुली एकच, तीही ज्या दिवशी घरी कारल्याची भाजी होती त्या दिवसाची, म्हणून ती धरायची की नाही यावर आमचं एकमत नाही.

बरं, प्रश्न असतील तर विचारा. आम्हाला साडेपाचला निघायचं आहे, तो दाराशी उभा असेल.