तीन रीडिंग, एक वजन

परळमध्ये रुग्णालयं एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे थीसिसचे दिवस आले की रेसिडेंट डॉक्टर आकडेवारीच्या मदतीसाठी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात. परवा एकीची फाईल रक्तदाबाच्या औषधाची होती. प्रत्येक रुग्णाच्या अनेक भेटी. कुठे तीन रीडिंग, ओपीडीत गर्दी असेल तेव्हा एकच. फाईलमध्ये मात्र फक्त सरासरी आणि रीडिंगची संख्या.

एकाच माणसाच्या भेटी सुट्या धरता येत नाहीत, म्हणून लिनिअर मिक्स्ड मॉडेल. त्यात प्रत्येक रुग्णाची स्वतःची पातळी असते. संख्येचा रकाना तिने वजन म्हणून दिला होता. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं 'एलएमई४' हे पॅकेज अशा वेळी उरलेल्या चुकीचं व्हेरियन्स (सिग्मा-वर्ग) वजनाने भागतं. मी सगळी वजनं दहापट करून मॉडेल पुन्हा चालवलं. सिग्मा-वर्ग दहापट झाला. औषधाचा परिणाम आणि त्याचा स्टँडर्ड एरर जागचे हलले नाहीत. म्हणजे वजन दहापट केलं म्हणून माणसं दहापट झाली नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातलं वजन वेगळं: नमुन्यातली बाई इतरांच्या तुलनेत किती बायकांच्या वतीने आली आहे, हे ते सांगतं. फाईलमध्ये ते दहा लाखांनी गुणून ठेवलेलं असतं. तेच इथे दिलं तर 'एलएमई४' मुकाट घेतं आणि ती बाई जास्त अचूक मोजली गेली असं धरून चालतं. मला हे फार धोक्याचं वाटतं, कारण कुठलीही सूचना येत नाही.

त्या रेसिडेंटने दिलेलं वजन योग्य प्रकारचं होतं, तरी पुरेसं नव्हतं. तीनदा मोजल्याने मोजणीतली थरथर कमी होते. पण स्टेशनचा पूल चढून, रांगेत ताटकळून आलेल्या बाईचा दाब त्या सकाळी चढलेला असेल, तर तो तिन्ही रीडिंगांत उतरतो. तो भाग तिनाने भागायचा कसा? शिवाय पहिलं रीडिंग बहुधा चढंच येतं. २०१९-२१च्या त्या सर्वेक्षणातही दाब तीनदा मोजून शेवटच्या दोहोंची सरासरी घेतली होती. एकट्या रीडिंगचं वजन कमी केलं की त्याचा आवाज लहान होतो, कल जात नाही.

मी मूळ केसपेपर मागितले. ते होते, सुदैवाने. आता एका रीडिंगला एक ओळ. रुग्णाचा एक रँडम इफेक्ट, त्याच्या आत भेटीचा दुसरा. आणि रीडिंग कितवं, हा स्वतंत्र रकाना. वजनाचा रकाना आम्ही काढून टाकला.